शेवटच्या सीटमागचं बटण

सकाळी सहा वीसला रम्सच्या मशिदीपाशी
पिवळी बस थांबते आणि मी मोजायला लागते.
वाहिद, इथ्नैन, तलाता...
अरबी मला मोजण्यापुरतीच येते,
तीही चाळीसपर्यंत.
एक्केचाळिसावी मोझा, खाडीच्या वळणावरची.
तिला मी मराठीत मोजते.

ड्रायव्हर गुलरंगखान म्हणतो,
सरकारी पोरं आहेत, सांभाळून.
खरंच सरकारी.
ऑगस्टात अबूधाबीहून ट्रक येतो
आणि मासळीच्या वासाच्या या गल्लीतल्या शाळेला
राजधानीतल्या शाळेइतकंच कोरं पुस्तक मिळतं.
वर्गात सात अमिरातींचा एक नकाशा,
रम्स त्यात टाचणीच्या डोक्याएवढं,
पण आहे.

माझी मुलं गावाला, खारवाडीत.
तिथं शाळेला दोन खोल्या.
मी शिकत होते तेव्हा तांदूळ दिल्लीचा यायचा,
पोत्यावरचा शिक्का बाई वाचून दाखवायच्या.
तेलाची मंजुरी मुंबईहून,
कधी वर्ष वर्ष यायचीच नाही.
मीठ आमच्या घरचं.
भात शिजायचा.

आता जाऊबाईचा आवाज फोनमध्ये:
‘पट नवावर आलाय गो. वरून कागद आलाय.
समायोजन.’
तो शब्द मी तीनदा ऐकला.
आमच्याकडे विहीर बुजवली
तर बुजवली म्हणतात.

केंद्रप्रमुख येऊन गेले म्हणे.
हे केंद्र दिल्लीचं नव्हे, आमचं, दहा शाळांचं.
त्यांनी राज्याकडे बोट दाखवलं,
राज्यानं मोठ्या केंद्राकडे.
साठ टक्के तिकडचे, चाळीस इकडचे,
शंभर काही कधी एका दिवशी आले नाहीत.
बाई स्वतःच्या पैशांनी खडू आणतात.
खडूचे टक्के कुणी काढत नाही.

मी खूप बोलले त्या दिवशी.
इथं बघा, म्हटलं, सरकार कसं असतं,
इथल्या शेवटच्या पोरापर्यंत बस जाते!
जाऊबाई ऐकून घेत होती.
मग हळूच म्हणाली,
‘रुकय्या, नऊ झाले कसे ते मोज ना.’

मोजलं. तेवढं मला येतं.
कतारवाल्याच्या दोघी.
मस्कतला शिवणकाम करतो त्याचा एक.
सरपंचाची नातवंडं.
सगळी तालुक्याला, इंग्लिश मीडियमला, व्हॅननं,
गळ्यात टाय.
आणि माझा अनस.
तीन वर्षांपूर्वी त्याचा दाखला
मीच काढायला लावला,
याच बसमधून फोन करून, याच पगारावर.
बाईंनी सही केली.
म्हणाल्या, हुशार आहे, जाऊ दे.

धाकटी मिस्बाह जूनमध्ये सहाची होईल.
जाऊ विचारते, नाव कुठं घालू?
व्हॅनमध्ये जागा आहे.
मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.
तिला धरून दहा झाले
तरी दहाच होतात, हे मलाही कळतं.

शाळेपाशी पोरं उतरतात. पुरी एक्केचाळीस.
गुलरंगखान चावी फिरवतो
आणि रिकाम्या बसमध्ये भोंगा सुरू होतो.
तो बंद करायचं बटण
मुद्दाम शेवटच्या सीटमागं लावलंय.
चालत जावं लागतं, प्रत्येक सीटखाली वाकून बघत,
कुणी पोर झोपून राहिलं नाही ना.
नियमच आहे तसा.
आज चौथ्या रांगेत पाण्याची एक बाटली,
अर्धं खोडरबर.
मी मागं पोचते, बटणावर बोट ठेवते.
गुलरंगखान आरशातून बघतोय.
दाबत नाही लगेच.
वाजू दे थोडा वेळ.